अंधारात चालणारा फुलफ्रेम कॅमेरा निवडण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि तुम्ही किती उजेडात फोटो काढता ते आकड्यात लिहा. "कमी उजेड" एवढ्यावर कॅमेरा निवडता येत नाही. जुन्या फोटोंतले अंधारातले वीस-पंचवीस उघडा आणि प्रत्येकाचं अॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं, एफचा आकडा), शटर (उजेड किती वेळ घेतला) आणि आयएसओ (तो उजेड किती वाढवला) उतरवून घ्या. एफ २, १/१२५ आणि आयएसओ ६४०० म्हणजे साधारण ईव्ही ३ (ईव्ही हे उजेडाचं माप, आकडा जितका लहान तितका अंधार जास्त). एफ २.८, १/६० आणि आयएसओ ३२०० म्हणजे ईव्ही ४ च्या आसपास. तुमचे बहुतेक फोटो ईव्ही ४ ते ६ मध्ये पडत असतील, तर आजची जवळपास कोणतीही फुलफ्रेम बॉडी (३६ गुणिले २४ मिलिमीटर सेन्सरचा कॅमेरा, लेन्सशिवाय) ते काम करेल आणि निवड नॉइजवर, म्हणजे फोटोतल्या दाण्यांवर, होणारच नाही. ईव्ही १ च्या खाली जात असाल तर पुढचं नीट वाचा.

त्याच कागदावर आणखी तीन रकाने आखा. विषय हलतो की स्थिर असतो, दिवे कोणते असतात आणि शटरचा आवाज चालतो की नाही. शेवटचे दोन रकाने लोक रिकामे सोडतात आणि नेमके तिथेच फसतात. नाटक, शास्त्रीय गाण्याची बैठक, धार्मिक विधी, झोपलेलं बाळ अशा ठिकाणी सायलेंट शटर लागतं. सायलेंट शटर म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर, आणि इलेक्ट्रॉनिक शटर एलईडी दिव्याखाली आलं की फोटोवर आडवे पट्टे येऊ शकतात. ही तपासणी यादीत सगळ्यात वर लिहा, अधोरेखित करा.

लेन्सचा हिशेब बॉडीच्या आधी करा. एफ २.८ वरून एफ १.८ वर गेलात की सव्वा स्टॉपहून थोडा जास्त उजेड मिळतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), एफ १.४ वर गेलात की पूर्ण दोन स्टॉप. एकाच पिढीच्या दोन २४ मेगापिक्सेल बॉडींमध्ये नॉइजचा फरक बहुधा तृतीयांश ते अर्ध्या स्टॉपचा असतो. म्हणून महागडी बॉडी आणि एफ ४ ची झूम ही जोडी अंधारासाठी चुकीची आहे. आधी लेन्स ठरवा, उरलेल्या पैशांत बॉडी बसवा. माउंट (बॉडीवर लेन्स बसवायची जागा, प्रत्येक कंपनीची वेगळी) बदलणार असाल तर तुम्हाला लागणारी ३५, ५० किंवा ८५ मिलिमीटरची वेगवान लेन्स त्या माउंटवर आहे का आणि किती जड आहे, हे याच टप्प्यावर पाहा.

आता दोन-तीन नावं निवडा, जास्त नकोत. जाहिरातीतल्या आयएसओच्या कमाल आकड्यावरून निवडू नका, तो आकडा निरुपयोगी आहे. सोनी ए७एस थ्रीमध्ये १२ मेगापिक्सेल आणि आयएसओ ४०९६०० दिसतो म्हणून फोटोसाठी तोच घ्यावा असं नाही. तो मुळात व्हिडिओसाठी घडवलेला कॅमेरा आहे. मोठा पिक्सेल म्हणजे कमी नॉइज हा समज अर्धवट आहे. पूर्ण सेन्सरवर पडलेला एकूण उजेड महत्त्वाचा, आणि तो ३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या सगळ्या सेन्सरांवर सारखाच असतो. ६१ मेगापिक्सेलची फाइल २४ पर्यंत लहान केली की आयएसओ ६४०० पर्यंत फरक शोधावा लागतो. त्याहून बराच वर, २५६०० च्या पुढे, कमी पिक्सेलवाल्यांना थोडा फायदा मिळतो. तुमच्या कागदावर २५६०० किती वेळा आहे ते बघा.

चाचणीला न्यायच्या वस्तू: तुमची स्वतःची लेन्स किंवा त्या माउंटवरची तीच फोकल लेन्थ आणि तेच अॅपर्चर असलेली, स्वतःचं मेमरी कार्ड, ट्रायपॉड, काळं कापड किंवा गडद रंगाचा शर्ट, आणि एक स्वस्त, डिमरवर चालणारा एलईडी दिवा. दिवा विसरू नका. दुकानातले दिवे बहुतेक वेळा चांगल्या ड्रायव्हरवर (दिव्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटवर) चालतात आणि लुकलुकत नाहीत. तिथे सायलेंट शटर निर्मळ फोटो देतं, तुम्ही खूश होऊन घरी येता आणि पहिल्याच कार्यक्रमात डिमरवर टाकलेल्या दिव्यांखाली प्रत्येक फोटोवर पट्टे. दुकानात पास झालेली चाचणी ही चाचणी नव्हे. स्वतःचा दिवा न्या, किंवा बॉडी एका दिवसासाठी भाड्याने घेऊन खऱ्या जागी न्या.

पट्टे का येतात ते समजून घ्या, म्हणजे टाळणं सोपं जातं. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर एकदम वाचला जात नाही, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचला जातो. सोनी ए७ फोरला यासाठी साधारण १/१५ सेकंद लागतो, निकॉन झेड६ थ्रीला साधारण १/७०, निकॉन झेड८ आणि झेड९ यांना १/२७० च्या आसपास. ५० हर्ट्झच्या विजेवर साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. १/१५ सेकंदात हे सहा-सात वेळा घडतं, म्हणून फोटोत सहा-सात पट्टे. १/७० मध्ये जेमतेम दीड. मेकॅनिकल शटरचा पडदा साधारण १/२५० सेकंदात फ्रेम ओलांडतो, म्हणून तिथे पट्ट्यांऐवजी फार तर एका बाजूला काळपट छटा येते. त्यामुळे अंधारातला कॅमेरा निवडताना सेन्सर वाचण्याचा वेग हा आयएसओइतकाच महत्त्वाचा आकडा आहे, आणि नेमका तोच माहितीपत्रकात छापलेला नसतो.

चाचणी अशी करा. पांढऱ्या भिंतीवर दिवा पाडा. डिमर पूर्ण, मग अर्धा, मग पाव. प्रत्येक टप्प्यावर सायलेंट शटर लावून १/५०, १/१००, १/१२५, १/२५०, १/५०० या वेगांवर पाच-पाच फोटो काढा. तेच मेकॅनिकल शटरवर पुन्हा करा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून समाधान मानू नका. थेट दिसणारं चित्र वेगळ्या गतीने वाचलेलं असतं, त्यात पट्टे नसले तरी फाइलमध्ये असू शकतात. घरी कॉन्ट्रास्ट वाढवून फाइल बघा. ५० हर्ट्झवर १/५० आणि १/१०० ला पट्टे जवळजवळ नाहीसे होतात, कारण प्रत्येक ओळीला दिव्याचा पूर्ण फेरा मिळतो. विजेची वारंवारता ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० आणि १/१२५ वापरा. हा उपाय साध्या दिव्यांपुरताच. डिमरवरचे अनेक एलईडी आणि रंगमंचामागच्या एलईडी भिंती सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा लुकलुकतात, तिथे पट्टे बारीक आणि दाट येतात आणि १/१०० काही वाचवत नाही. त्यासाठी शटरचा वेग १/१२५.३ अशा बारीक पायरीने बदलता येण्याची सोय बॉडीत हवी. सोनी ए७ फोर, कॅनन आर६ मार्क टू, निकॉन झेड८ आणि झेड६ थ्रीमध्ये ती आहे. प्रत्येकीचं नाव वेगळं आणि मेन्यूत जागा वेगळी, तेव्हा दुकानातच शोधून बटणावर लावता येते का बघा. कार्यक्रमाच्या मधोमध मेन्यू धुंडाळणं शक्य नाही. आणि हो, नेहमीचं "अँटी-फ्लिकर" हे वेगळं. ते १०० आणि १२० हर्ट्झसाठी असतं आणि कित्येक बॉडींत सायलेंट शटरबरोबर चालतच नाही. मेन्यूत ते दिसलं म्हणजे प्रश्न सुटला असं समजू नका.

नुसत्या वेगाने पट्टे जात नाहीत, हेही ध्यानात ठेवा. वेगवान सेन्सरवर ते कमी आणि रुंद होतात. झेड८ आणि झेड९ मध्ये मेकॅनिकल शटरच नाही, पण वाचण्याचा वेग पडद्याइतकाच असल्याने ते चालून जातं. सोनी ए९ थ्रीमध्ये ग्लोबल शटर आहे, सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो, त्यामुळे फ्रेममध्ये पट्टा येत नाही. फक्त वेगवान शटरवर एक फोटो उजळ आणि पुढचा मंद येऊ शकतो. त्याचा तोटा असा की मूळ आयएसओ २५० आहे आणि अंधारात तो बरोबरीच्या २४ मेगापिक्सेल बॉडींपेक्षा जास्त नॉइज देतो. कॅनन आर६ मार्क टूचा सेन्सर बऱ्यापैकी झटपट वाचला जातो, पण इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये फाइल १२ बिटांची होते, म्हणजे छटा कमी साठतात. गडद भाग नंतर खूप उजळवणार असाल तर हे तपासा.

नॉइजची चाचणी. ट्रायपॉड, एकच लेन्स, एकच अॅपर्चर, एकच शटर, एकच दिवा. आयएसओचा आकडा सारखा म्हणजे उजेड सारखा असं नसतं, कंपन्या तो आपापल्या पद्धतीने मोजतात, म्हणून तुलना नेहमी अॅपर्चर आणि शटर बांधून करा. रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) काढा. जेपेगवर जाऊ नका, त्यात कॅमेऱ्याचं नॉइज रिडक्शन शिरलेलं असतं आणि तुम्ही सेन्सरऐवजी सॉफ्टवेअरची तुलना करत बसता. आयएसओ १६००, ६४००, १२८०० आणि २५६०० पुरे. फ्रेममध्ये ते काळं कापड आणि एक माणूस ठेवा. त्वचेचा रंग आणि काळ्यातले जांभळे-हिरवे डाग हे दाण्यापेक्षा जास्त त्रास देतात. दोन्ही फाइली एकाच आकाराच्या करून मगच बघा. १०० टक्क्यांवर ३३ आणि २४ मेगापिक्सेल शेजारी ठेवून निकाल देणं चूक आहे.

आजच्या बहुतेक सेन्सरांत एका ठरावीक आयएसओला दुसरी गेन पायरी (सेन्सरचा सिग्नल वाढवण्याची) सुरू होते. सोनी ए७ थ्रीमध्ये ती ६४० ला आहे, निकॉन झेड६ मध्ये ८०० ला. त्यामुळे ६४० च्या सावल्या ५०० पेक्षा स्वच्छ दिसतात. तुमच्या उमेदवाराची पायरी शोधा आणि तिच्या जरा खाली कधीच थांबू नका. झेड६ थ्रीबद्दल "डायनॅमिक रेंज कमी" (एकाच फोटोत सर्वात उजळ ते सर्वात गडद टिपण्याची क्षमता कमी) असं ऐकाल. ते खरं आहे, पण ते कमी आयएसओवर. अंधारातल्या आयएसओवर तो फरक विरतो, तेव्हा त्यावरून तो सेन्सर नाकारू नका.

ऑटोफोकस. माहितीपत्रकातले आकडे थेट तोलू नका. सोनी ए७ फोरचा उणे ४ ईव्ही हा एफ २ च्या लेन्सवरचा आहे, कॅनन आर६ मार्क टूचा उणे ६.५ हा एफ १.२ वरचा, निकॉन झेडएफचा उणे १० सुद्धा एफ १.२ वरचा. एफ १.२ आणि एफ २ यांत दीड स्टॉप आहे, तेवढा वजा केला की कॅननचा आकडा उणे ५ च्या आसपास येतो. शिवाय हे आकडे स्थिर आणि ठळक गोष्टीवर धरलेले असतात. तुम्ही माणूस चालवा: मागून उजेड, चेहरा अंधारात, अंगात काळा शर्ट. वीस फोटो काढा आणि डोळा किती वेळा टोकदार आला ते मोजा. एफ १.८ वर आणि मग एफ ४ वर करा, कारण सोनी बऱ्याचदा निवडलेल्या अॅपर्चरवरच फोकस करतो, आणि अॅपर्चर लहान केलं की फोकसला उजेड कमी पडतो. फोकसचा सहायक दिवा बंद ठेवा, कार्यक्रमात तो लावताच येत नाही. हे सगळं करताना शटर सायलेंटवरच ठेवा, म्हणजे पट्ट्यांची आणखी एक फेरी आपसूक होते.

व्ह्यूफाइंडर अंधारात अडखळतो का, हात फिरवल्यावर चित्र मागे राहतं का, बघा. चष्मा असेल तर चष्म्यासकट.

सेन्सर स्टॅबिलायझेशन (हाताचं हलणं सावरणारी सोय) स्थिर विषयासाठी उपयोगी. चालत्या माणसाला १/१२५, नाचाला १/२५० ते १/५०० लागतो, तिथे ते काही करत नाही. कॅनन आर८ मध्ये ते नाही, पण सेन्सर आर६ मार्क टूचाच. माणसांचेच फोटो काढत असाल तर हा स्वस्तातला खरा पर्याय आहे. त्यात पूर्ण मेकॅनिकल शटर नाही, पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक असतो. दुसरा मेकॅनिकल असल्याने पट्ट्यांचा त्रास सायलेंटइतका होत नाही, पण आवाज राहतो.

ताऱ्यांसाठी घेत असाल तर पट्टे विसरा. लेन्सवर टोपी, आयएसओ ३२००, ३० सेकंद, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद: गरम पिक्सेल आणि कडेची चमक मोजा. वापरलेली बॉडी घेत असाल तर ही चाचणी कशासाठीही घ्या.

कार्ड: कॅनन आर६ मार्क टूला दोन एसडी, निकॉन झेड६ थ्रीला एक सीएफएक्सप्रेस टाइप बी आणि एक एसडी, निकॉन झेडएफला एक एसडी आणि एक मायक्रोएसडी, सोनी ए७ फोरला एका खाचेत सीएफएक्सप्रेस टाइप ए. कार्ड आणि रीडर खर्चात धरा. बॅटरी दोन. तुमचं सॉफ्टवेअर त्या बॉडीची रॉ फाइल उघडतं का, आधी बघा. फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) ताजं करा, मगच चाचणी.

दोन बॉडी बरोबरीत आल्या तर कागदावरचा आवाजाचा रकाना बघा. तिथे "चालत नाही" असेल तर सेन्सर झटपट वाचणारी घ्या, मग नॉइजमध्ये तृतीयांश स्टॉप गेला तरी चालेल. "चालतो" असेल तर स्वस्तातली घ्या आणि वाचलेले पैसे एफ १.४ च्या लेन्सला लावा. बिल आणि परतीची मुदत लिहून ठेवा, आणि मुदतीच्या आत एकदा डिमरवरच्या एलईडीखाली सायलेंट शटरने शंभर फोटो काढा.