मराठी प्रकल्पाची क्लाउडवरील एन्व्हायर्नमेंट: गिटहब कोडस्पेसेसची मांडणी

आम्ही काही जण एका सार्वजनिक वाचनालयासाठी पुस्तकसूचीचे सॉफ्टवेअर लिहितो. ते पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील जँगो या फ्रेमवर्कवर, म्हणजे वेबसाइटच्या तयार सांगाड्यावर, चालते आणि माहिती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये साठवते. नवा स्वयंसेवक आला की त्याचा पहिला शनिवार-रविवार इन्स्टॉलेशनमध्येच संपत असे. कोणाकडे पायथनची जुनी आवृत्ती असे, कोणाचा लॅपटॉप डॉकर सुरू करताच जागीच अडत असे, तर कोणाला पोस्टग्रेसचा पासवर्ड कोठे बदलायचा हेच सापडत नसे. यांतील दोघेजण तर एकही ओळ न लिहिता निघून गेले, आणि ती खंत मला अजून आहे. त्यानंतर आम्ही ही सारी मांडणी गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाच्या कोडस्पेसेस या सेवेवर नेली. ती कशी करावी आणि मराठी मजकूर असलेल्या प्रकल्पात कोणती विशेष काळजी घ्यावी, ते येथे सांगतो.

कोडस्पेस म्हणजे गिटहबच्या सर्व्हरवर आपल्यासाठी सुरू होणारे एक आभासी यंत्र. त्या यंत्रात डॉकरचा कंटेनर, म्हणजे सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारे सर्व काही एकत्र ठेवलेला वेगळा कप्पा, चालतो, कंटेनरमध्ये आपली रेपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाच्या कोडचा संग्रह, उतरवलेली असते आणि व्हीएस कोड हा एडिटर ब्राउझरमध्ये उघडतो. नोव्हेंबर २०२२ पासून ही सोय वैयक्तिक खात्यांनाही दरमहा ठरावीक मर्यादेपर्यंत मोफत मिळते. साध्या मोफत खात्याला महिन्याला १२० कोअर-तास आणि १५ जीबी साठवण मिळते. येथे कोअर-तास हा शब्द नीट समजून घ्यावा, कारण दोन कोअरचे यंत्र एक तास चालले की दोन कोअर-तास खर्च होतात. म्हणजे लहान यंत्रावर ६० तास मिळतात आणि चार कोअरचे यंत्र निवडल्यास ३० तासच. दोन कोअरच्या यंत्राला ८ जीबी रॅम आणि ३२ जीबी डिस्क असते. जँगोच्या मध्यम आकाराच्या प्रकल्पाला ते पुरेसे आहे आणि मोठे यंत्र घेण्याचे कारण आम्हाला अद्याप पडलेले नाही.

रेपॉझिटरीच्या मुळाशी, आरंभी टिंब असलेल्या ‘.डेव्हकंटेनर’ नावाच्या फोल्डरात ‘डेव्हकंटेनर.जेसन’ ही फाइल ठेवावी लागते. ही फाइल नसली तरीही कोडस्पेस सुरू होतो, परंतु तेव्हा गिटहब स्वतःची सर्वसमावेशक इमेज, म्हणजे ज्यावरून कंटेनर तयार होतो तो नमुना, वापरते. ती आकाराने फार मोठी आहे आणि तिच्यातील पायथनची आवृत्ती आपण ठरवलेली नसते. फाइलीतील किल्ल्यांची, म्हणजे सेटिंग्जची, नावे येथे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत, मधे जागा न सोडता, दुसऱ्या शब्दापासून प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल ठेवून लिहावीत.

आपल्याला दोन कंटेनर लागणार आहेत, एक जँगोसाठी आणि दुसरा पोस्टग्रेससाठी. म्हणून ‘इमेज’ या किल्लीऐवजी ‘डॉकर कम्पोज फाइल’ ही किल्ली वापरून त्याच फोल्डरातील कम्पोज फाइलीचे, म्हणजे अनेक कंटेनर एकत्र कसे चालवावेत ते सांगणाऱ्या फाइलीचे, नाव द्यावे. तिच्यात प्रत्येक कंटेनरच्या नोंदीला सर्व्हिस म्हणतात. ‘सर्व्हिस’ या किल्लीपुढे ‘ॲप’ असे लिहावे, म्हणजे एडिटर कोणत्या कंटेनरला जोडायचा ते ठरते. ‘वर्कस्पेस फोल्डर’पुढे ‘/वर्कस्पेसेस’च्या आतील आपल्या रेपॉझिटरीचा मार्ग द्यावा आणि कम्पोज फाइलीत तोच मार्ग ‘ॲप’ सर्व्हिसला व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरबाहेरील साठवणीची जागा, म्हणून जोडावा. ‘ॲप’ सर्व्हिसच्या ‘कमांड’मध्ये ‘स्लीप इन्फिनिटी’ लिहायला विसरू नये. ते नसेल तर कंटेनर आपले काम संपले असे समजून सुरू होताच बंद पडतो, आणि नवशिक्याला त्याचे कारण तासन्‌तास सापडत नाही.

पोस्टग्रेसच्या सर्व्हिसला आम्ही ‘डीबी’ असे नाव दिले आहे. कम्पोजच्या जाळ्यात सर्व्हिसचे नाव हाच त्या यंत्राचा पत्ता असतो, म्हणून जँगोच्या सेटिंग्जमध्ये होस्ट म्हणून ‘लोकलहोस्ट’ न लिहिता ‘डीबी’ लिहावे. माहिती टिकावी म्हणून नाव दिलेला व्हॉल्यूम जोडावा. पोस्टग्रेस १७ पर्यंतच्या अधिकृत इमेजमध्ये तो ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/डेटा’ या ठिकाणी जोडतात, परंतु १८ पासून शेवटचा ‘डेटा’ हा भाग गाळून जोडावा लागतो. जुन्या लेखांतील ओळ जशीच्या तशी उतरवली तर येथेच फसगत होते. याखेरीज ‘डीबी’ला ‘पीजी इजरेडी’ या आज्ञेचा हेल्थचेक, म्हणजे तयारीची तपासणी, द्यावा आणि ‘ॲप’ सर्व्हिसने तो यशस्वी होईपर्यंत थांबावे, अशी अट ‘डिपेंड्स ऑन’मध्ये घालावी. पोस्टग्रेसचा कंटेनर सुरू झाला म्हणजे डेटाबेस लगेच तयार झाला असे होत नाही. पहिल्या वेळी त्याला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात मायग्रेशनची, म्हणजे डेटाबेसमधील तक्ते तयार करण्याची, आज्ञा गेली तर ती अपयशी ठरते.

आता मराठीचा प्रश्न. युनिकोडमध्ये ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या लगेच पुढे आहे, परंतु आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. त्यामुळे कोलेशन, म्हणजे अक्षरे क्रमाने लावण्याचा नियम, स्पष्टपणे न सांगता लेखकांची वा पुस्तकांची यादी लावली, तर ती वाचनालयाच्या कार्डांच्या पेटीतील क्रमाशी जुळत नाही. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या युनिकोडसाठीच्या लायब्ररीच्या आधारे मराठीसाठी ‘एमआर-एक्स-आयसीयू’ हे कोलेशन उपलब्ध असते आणि जँगोच्या ३.२ या आवृत्तीपासून मजकुराच्या फील्डला ‘डीबी कोलेशन’ या नावाने ते थेट देता येते. इमेज निवडताना मात्र सावध राहावे. आकार लहान म्हणून अनेक जण अल्पाइन या छोट्या लिनक्सवरील पोस्टग्रेस घेतात, पण त्या इमेजमध्ये आयसीयूची सोय पोस्टग्रेस १५ पासूनच आहे. आम्ही डेबियन या लिनक्सच्या बुकवर्म आवृत्तीवरील पोस्टग्रेस १६ ची इमेज घेतो आणि टॅगमध्ये, म्हणजे इमेजच्या आवृत्तीच्या खुणेत, दोन्ही आवृत्त्या पूर्ण लिहितो. नुसते ‘लेटेस्ट’ लिहिले तर आज आलेल्या आणि सहा महिन्यांनी येणाऱ्या स्वयंसेवकाच्या यंत्रांवर वेगळ्या आवृत्त्या येऊ शकतात, आणि मग क्रमवारीची चाचणी एकाकडे उत्तीर्ण होते तर दुसऱ्याकडे नापास.

‘ॲप’ सर्व्हिससाठी मायक्रोसॉफ्टच्या डेव्हकंटेनर संग्रहातील पायथन ३.१२ ची इमेज पायाभूत धरून एक छोटी डॉकरफाइल, म्हणजे इमेज बांधण्याच्या सूचनांची फाइल, लिहावी. तिच्यात दोन गोष्टी आवर्जून इन्स्टॉल कराव्यात. पहिली गोष्ट ‘गेटटेक्स्ट’ हे भाषांतराचे साधन, कारण जँगोच्या ‘मेकमेसेजेस’ आणि ‘कम्पाइलमेसेजेस’ या आज्ञा त्याच्यावर अवलंबून असतात आणि त्याच्याशिवाय मराठी भाषांतराच्या फाइली तयार होत नाहीत. दुसरी गोष्ट देवनागरी फॉन्टची. डेबियनमध्ये ‘फॉन्ट्स-लोहित-देव’ हे पॅकेज त्यासाठी मिळते. ब्राउझरमध्ये पान उघडले की अक्षरे आपल्याच संगणकावरील फॉन्टने दिसतात, त्यामुळे सर्व काही ठीक असल्यासारखे वाटते. परंतु सूचीची पीडीएफ कंटेनरच्या आत तयार होते आणि तेथे देवनागरी फॉन्ट नसेल तर सगळ्या पानांवर रिकामे चौकोन उमटतात. आमच्याकडे हा दोष वाचनालयात छापलेला कागद हाती आल्यावर लक्षात आला. त्यानंतर आम्ही पीडीएफमधील फॉन्ट तपासणारी एक चाचणीच लिहिली. याउलट टर्मिनलमध्ये जोडाक्षरे विस्कटलेली दिसली तर घाबरू नये. तेथे प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचे घर दिलेले असते, म्हणून ती तशी दिसतात. मूळ माहिती शाबूत असते.

यानंतर ‘डेव्हकंटेनर.जेसन’मध्ये आज्ञांचा भाग येतो. पायथनची पॅकेजे ‘अपडेट कन्टेन्ट कमांड’मध्ये इन्स्टॉल करावीत, तर मायग्रेशन चालवणे आणि नमुन्याची पुस्तके भरणे ही कामे ‘पोस्ट क्रिएट कमांड’मध्ये ठेवावीत. हा भेद पुढे उपयोगी पडतो. गिटहब जेव्हा प्रीबिल्ड, म्हणजे आगाऊ तयार करून ठेवलेला साचा बनवते, तेव्हा पहिल्या प्रकारची आज्ञा तेथेच चालवली जाते आणि दुसऱ्या प्रकारची आज्ञा स्वयंसेवकाचा कोडस्पेस प्रत्यक्ष तयार होताना चालते. या साखळीतील एक आज्ञा अपयशी ठरली तर पुढच्या आज्ञा चालतच नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. लहान प्रकल्पाने प्रीबिल्डच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे. त्याच्या साठवणीचाही हिशेब होतो आणि वाचणारी दोन-तीन मिनिटे आमच्यासारख्यांना महत्त्वाची नसतात.

जँगोचा सर्व्हर ८००० या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर, चालतो, म्हणून ‘फॉरवर्ड पोर्ट्स’मध्ये तो क्रमांक लिहावा. गिटहब त्या पोर्टला स्वतंत्र एचटीटीपीएस पत्ता देते. पान उघडते, पण लॉगिनचा फॉर्म पाठवला की सीएसआरएफच्या पडताळणीत, म्हणजे परक्या संकेतस्थळावरून आलेले फॉर्म रोखणाऱ्या तपासणीत, ४०३ ही त्रुटी येते, अशी तक्रार जवळजवळ प्रत्येक नवागत करतो. ब्राउझर ज्या पत्त्यावरून फॉर्म पाठवतो तो जँगोच्या विश्वासू पत्त्यांच्या यादीत नसतो, हे त्याचे कारण. सेटिंग्जमधील ‘सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स’ या यादीत तो पत्ता घालावा, आणि जँगो ४.० पासून त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ हा भागही लिहावाच लागतो. कोडस्पेसचे नाव आणि पोर्टचे डोमेन ही दोन्ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रणालीने प्रोग्रॅमला दिलेल्या मूल्यांत, आपोआप मिळतात. त्यांच्यापासून पत्ता जुळवणारी एक ओळ लिहिली की प्रत्येकाला हाताने बदल करावा लागत नाही.

पोर्ट मुळात खाजगी असतो, म्हणजे ज्याचा कोडस्पेस त्यालाच तो दिसतो. कोणाला दाखवण्यासाठी तो सार्वजनिक करता येतो, पण जँगोचा ‘डीबग’ हा त्रुटी शोधण्याचा पर्याय चालू असताना तसे कधीही करू नये. त्रुटीच्या पानावर प्रणालीची बरीच माहिती उघड होते. जँगोची गुप्त किल्ली, ईमेल सेवेचा पासवर्ड यांसारख्या गोष्टी ‘डेव्हकंटेनर.जेसन’मध्ये किंवा कम्पोज फाइलीत लिहू नयेत, कारण त्या फाइली रेपॉझिटरीचा भाग असतात. त्यासाठी गिटहबच्या सेटिंग्जमध्ये कोडस्पेसेसच्या सीक्रेट्सची वेगळी जागा आहे. तेथे भरलेले मूल्य कंटेनरमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून मिळते, मात्र कोडस्पेस आधीच चालू असेल तर तो थांबवून पुन्हा सुरू करावा लागतो. तेथेच आपला प्रदेशही, म्हणजे यंत्र जगाच्या कोणत्या भागातील सर्व्हरवर चालावे ते, निवडता येतो. महाराष्ट्रातून काम करणाऱ्यांनी आग्नेय आशिया निवडून पाहावे.

मोफत तास वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ब्राउझरची खिडकी बंद केली की यंत्रही बंद झाले, अशी समजूत. वास्तविक यंत्र त्यानंतरही, हालचाल न झाल्यास, ३० मिनिटे चालू राहते. ही मुदत सेटिंग्जमध्ये ५ ते २४० मिनिटांच्या दरम्यान बदलता येते. आम्ही ती १५ ठेवतो. टर्मिनलमध्ये सतत काही छापले जात असेल तर तीही हालचाल मानली जाते, म्हणून काम संपताच सर्व्हर बंद करून कोडस्पेस स्वतः थांबवावा. थांबवलेल्या कोडस्पेसचे तास मोजले जात नाहीत, पण साठवण मोजली जाते. ३० दिवस हात न लावलेला कोडस्पेस मूळच्या नियमानुसार आपोआप काढून टाकला जातो आणि पुश न केलेल्या, म्हणजे गिटहबवरील रेपॉझिटरीत न पाठवलेल्या, कमिटही (बदलांच्या नोंदी) त्याच्याबरोबर जातात. कंटेनर नव्याने बांधला तर ‘/वर्कस्पेसेस’मधील फाइली आणि नाव दिलेले व्हॉल्यूम राहतात, बाकी हाताने इन्स्टॉल केलेले सर्व जाते. तेव्हा एखादे पॅकेज टर्मिनलमधून टाकून काम भागले, तरी त्याच दिवशी ते डॉकरफाइलीत नोंदवावे.

मांडणी पूर्ण झाल्यावर ती आपल्या चालू कोडस्पेसमध्ये तपासू नये, कारण तेथे आपले जुने अवशेष असतात. नवी ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी शाखा, पुश करावी, तिच्यावरून कोरा कोडस्पेस तयार करावा आणि हाताने काहीही न करता सूचीचे पान उघडते का ते पाहावे. फाइलीत गंभीर चूक असेल तर गिटहब एक किमान रिकव्हरी कंटेनर उघडून देते. अशा वेळी एडिटरच्या कमांड पॅलेटमधून, म्हणजे आज्ञांच्या यादीतून, क्रिएशन लॉग पाहावा. त्रुटीची ओळ बहुधा त्यातच सापडते. हे जमल्यावर प्रकल्पाशी संबंध नसलेल्या एखाद्या मित्राला शेजारी बसवून तेच करायला सांगावे आणि आपण गप्प राहावे. तो जेथे थांबून आपल्याकडे पाहील, तेथे रीडमी या प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीत एक वाक्य वाढवावे.

‘डेव्हकंटेनर.जेसन’चे स्वरूप खुले आहे, ही या पद्धतीतील मला सर्वाधिक मोलाची वाटणारी गोष्ट. ॲमेझॉनच्या क्लाउड९ या अशाच सेवेने जुलै २०२४ मध्ये नव्या ग्राहकांना प्रवेश देणे थांबवले, तेव्हा सेवा कोणतीही असली तरी ती कायमची धरून चालू नये. ज्यांच्या संगणकावर डॉकर नीट चालतो, ते व्हीएस कोडच्या डेव्ह कंटेनर्स या एक्स्टेन्शनमधून हीच फाइल घरी वापरू शकतात. आमच्यातील निम्मे जण तसेच करतात. गावी इंटरनेट गेले तरी त्यांचे काम थांबत नाही आणि तास मोजावे लागत नाहीत.