ऑपरेटरचा वेळ जातो कुठे? छोट्या वर्कशॉपवाल्यांसाठी

पुण्याजवळ भोसरीत माझं जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्यांच्या ऑर्डरीचे पार्ट बनवून देण्याचं, वर्कशॉप आहे. दोन सीएनसी (संगणकावर चालणारी) लेथ, एक व्हीएमसी (तसंच उभं मिलिंग मशीन) आणि कोपऱ्यात एक जुनं ड्रिलिंग मशीन. ‘पोरं कामच करत नाहीत हो’ हे आमच्या एमआयडीसीत चहाच्या टपरीवर रोज कानावर पडतं. तसं म्हणण्याआधी एक करा. वही घेऊन एका मशीनपाशी उभे राहा, शिफ्ट सुरू झाल्यापासून सुटेपर्यंत. मशीन थांबलं की वेळ लिहायची, पुढे कारण. ऑपरेटरला आधीच स्पष्ट सांगा की याचा पगाराशी संबंध नाही. नाहीतर तुम्ही उभे आहात म्हणून तो दिवसभर उगाच लगबग दाखवेल आणि वहीत काहीच खरं येणार नाही.

संध्याकाळी कारणं वाचा. टंगळमंगळ निघेल, पण थोडी. बाकीचं असं असतं: गेज (माप तपासायचं साधन) दुसऱ्या मशीनवर गेलंय. इन्सर्ट (टूलचं बदलायचं कापणारं टोक) संपला, कपाटाला कुलूप, किल्ली शेठच्या खिशात आणि शेठ बँकेत. ड्रॉइंगच्या झेरॉक्सवर टॉलरन्स (मापात चालणारा फरक) पुसट आलाय. पहिला पीस बघायला कोणी नाही. ओरडून यातलं काय सुटणार? किल्लीचं तर आजच मिटवा. आठवड्याला लागतील तेवढे इन्सर्ट सुपरवायझरकडे द्या आणि ‘जुना द्या, नवा घ्या’ हा नियम ठेवा. चोरी होईल ही भीती असते, पण बंद मशीनचा तास त्या इन्सर्टपेक्षा महाग पडतो.

खरा वेळ खातं ते सेटिंग, म्हणजे एक जॉब संपवून पुढच्यासाठी मशीन तयार करणं. आपल्याकडे ऑर्डरी छोट्या, पन्नास पीस याचे, ऐंशी त्याचे, त्यामुळे सेटिंग सारखंच बदलतं. चार मिनिटांचा जॉब असेल तर सेटिंगला गेलेला एक तास म्हणजे पंधरा पीस. जपानचे औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांनी याच विषयावर आयुष्य घालवलं. १९६९ साली टोयोटात हजार टनी प्रेसच्या सेटिंगला चार तास लागायचे, ते आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं. आपल्याला तीन मिनिटं नकोत, पण त्यांची विभागणी घ्या. सेटिंगची कामं दोन रकान्यांत लिहा: मशीन बंद असल्याशिवाय होतच नाहीत ती, आणि आधीचा जॉब चालू असताना उरकता येतात ती. दुसरा रकाना बघून चाट पडाल. ड्रॉइंग काढणं, गेज आणणं, इन्सर्ट निवडणं, ॲलन की शोधणं, कच्चा माल जवळ आणून ठेवणं, सगळं त्यात येतं.

हे सगळं एका ट्रॉलीवर लावायचं. पुढच्या जॉबची ट्रॉली चालू जॉब संपायच्या आत मशीनशेजारी आली पाहिजे, आणि ती जबाबदारी हेल्परची, ऑपरेटरची नव्हे. सॉफ्ट जॉवर (चकमध्ये जॉब पकडणाऱ्या, त्याच्या मापाला कापून घ्यायच्या मऊ दाढा) जॉब नंबर आणि १, २, ३ पंच करून ठेवा, म्हणजे प्रत्येक जॉ आपल्याच जागी बसतो. हलका कट पुन्हा घ्यावा लागतोच, पण जॉ नव्याने बोअर करण्याची (आतून कापण्याची) कटकट वाचते.

पहिल्या पीसचं ओके दुसऱ्या कोणावर अडकवू नका. ऑपरेटरला गेज द्या, मापं त्यालाच लिहू द्या, सही त्याचीच घ्या. फक्त एक शिकवा: नुकताच उतरलेला जॉब गरम असतो. ५० मिमीच्या स्टीलच्या बोअरमध्ये (भोकात) २० अंशांच्या फरकाने साधारण १२ मायक्रॉन वाढ दिसते, आणि एच७ चा (भोकाच्या मापाची नेहमीची श्रेणी) पूर्ण टॉलरन्सच २५ मायक्रॉन. गरम पीस मोजून ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली टूलच्या मापाची दुरुस्ती) बदलला की पुढचे सगळे बिघडतात. जॉब थंड होऊ द्या, मग मोजा.

पैशाचं थोडक्यात. पगार ७ तारखेच्या आत, काहीही होवो. पार्टीने पेमेंट अडकवलं हे कारण कामगाराच्या घरी चालत नाही. इन्सेंटिव्ह द्यायचाच तर ओके पीसवर द्या, नुसत्या नगावर दिलात की फीड (टूल सरकण्याचा वेग) वाढवून टूल तुटतात. ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे, शिवाय दमलेल्या माणसाच्या हातून रिजेक्शन वाढतं ते वेगळंच. नेहमी ओव्हरटाइम लागत असेल तर वरची वही पुन्हा काढा.

सुट्ट्यांचा तक्ता भिंतीवर हवा. कोकणातली पोरं गणपतीला जाणारच, जुन्नर-खेडची चैत्रातल्या जत्रेला, बिहारची छठला. ‘रजा नाही’ म्हटलंत तर फोन बंद करून जातील. आधीच लिहून घ्या आणि त्या आठवड्यात मोठ्या सेटिंगचे जॉब घेऊ नका.

आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. म्हणून बुधवारी शिफ्ट संपायच्या आधी अर्धा तास मशीनं थांबवतो. बर (धातूचा कीस) काढायची, कूलंट भरायचं आणि शुक्रवारच्या पहिल्या जॉबचं सेटिंग करून ठेवायचं. हा अर्धा तास पगारातच धरायचा, सुटल्यावर कोणाला थांबवायचं नाही.