दाराच्या चौकटीतलं छायानाट्य: सहा शनिवारांत मुलांकडून कसं करून घ्याल

मी सिंधुदुर्गातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते पाचवीची २३ मुलं, दोन शिक्षक, दोन वर्गखोल्या आणि मधे एक दार. त्याच दारात आम्ही सावल्यांचं नाटक करतो. आनंददायी शनिवारी, म्हणजे पुस्तकांऐवजी उपक्रमांसाठी ठेवलेल्या शनिवारी, मुलांकडून नक्की काय करून घ्यायचं, असं शेजारच्या शाळांतल्या बाई आणि गुरुजी विचारत असतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कलाशिक्षक नसला तरी हे जमतं.

आधी माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी स्नेहसंमेलन जवळ आलं म्हणून सगळ्या बाहुल्या मीच रात्री बसून कापल्या. सुबक झाल्या. पण मुलांनी त्या भाजीची पिशवी धरावी तशा धरल्या. संवाद मी लिहिलेले, पाठ केलेले, आणि पडद्यामागून मीच कुजबुजत होते. पालकांनी टाळ्या वाजवल्या, पण मुलांच्या हाती काही लागलं नाही हे मला दिसत होतं. तेव्हापासून एक नियम पाळते: कात्री मोठ्यांनी हातात घ्यायची नाही. बिबट्याला पाच पाय झाले तरी चालेल.

सामान फार लागत नाही. दोन मीटर पांढरा मांजरपाट, वह्यांचे जुने पुठ्ठे, बिस्किटांचे आणि अगरबत्तीचे खोके, खराट्याचे हीर, जाड दोरा, दाभण, थोडा रंगीत जिलेटीन कागद. लग्नपत्रिका छोट्या वस्तूंना चांगली, पण वीतभर बाहुलीला ती लवते. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा मुलांच्या कात्रीला ऐकत नाही, तो टाळा.

पडद्यासाठी चौकट करायला सुताराकडे जाऊ नका. मांजरपाट पाण्यात भिजवा, पिळा आणि ओला असतानाच दाराच्या चौकटीत ताणून खिळ्यांनी ठोका. वाळला की आपोआप ताठ होतो, एक सुरकुती राहत नाही. चौकटीचा खालचा अर्धा भाग घोंगडीने झाका, म्हणजे त्यामागे मुलं बसतील आणि फक्त बाहुल्या वर येतील. शनिवारची शाळा सकाळची, त्यामुळे खोलीत अंधार करणं हेच खरं काम. खिडक्यांना आम्ही गोधड्या लावतो. कौलांतून कवडसे येतातच, येऊ द्या.

उजेडाबद्दल जरा थांबून सांगते, कारण बहुतेक ठिकाणी नाटक इथेच फसतं. ट्यूबलाइट चालत नाही. ती लांबलचक असते, तिच्या प्रत्येक भागातून वेगळी सावली पडते आणि सगळ्या मिळून धूसर होतात. खूप दिवे असलेल्या बॅटरीने एकाच बाहुलीच्या चार सावल्या दिसतात. उजेड एका बिंदूतून यायला हवा. मोबाइलचा टॉर्च त्याला उत्तम. मोबाइल मुलांच्या मागे, त्यांच्या डोक्यापेक्षा उंच फळीवर पक्का बांधा. मेणबत्ती किंवा पणती अजिबात नको. मुलं दाटीने बसतात, केस आणि कापड जवळ असतं.

पहिल्या शनिवारी बाहुली नाही, पुठ्ठा नाही. फक्त हात, पानं, चमचे, कंपासपेटी. मुलांना पडद्यामागे जाऊ द्या आणि गप्प राहा. आमच्याकडे पाचवीतला एक मुलगा फणसाचं पान घेऊन मागे मागे सरकत गेला आणि ओरडला, "बाई, मागे न्हेला काय मोठा होता!" मग अर्धा तास तेच चाललं. दिव्याजवळ नेलं की सावली मोठी आणि फिकट, पडद्याला टेकवलं की छोटी आणि धारदार. सावली लहान-मोठी कशी होते हे त्या दिवशी मला शिकवावं लागलं नाही.

दुसरा शनिवार गोष्टीचा. "गोष्ट सांगा" म्हटलं की मुलं ससा आणि कासवच सांगतात. त्याऐवजी असं विचारा: रात्री घराबाहेर कसला आवाज आला होता? घरातलं काय हरवलं होतं? कोण पावसात अडकलं होतं? आमच्याकडे तिसरीतल्या मुलाने सांगितलं की वीज गेलेली असताना पडवीत वाघ आला आणि कुत्र्याला घेऊन गेला. (बिबट्याला इथे सगळे वाघच म्हणतात.) सगळा वर्ग एकदम बोलायला लागला, प्रत्येकाच्या घरी असं काहीतरी घडलेलं. तेच आमचं नाटक झालं. चार प्रसंग, आठ मिनिटं. त्याहून लांबवू नका, वर धरलेले हात दुखतात. संवाद लिहून देऊ नका आणि मुलांची मालवणी पुसू नका. "आये, वाघ इलो गो!" यात जी भीती आहे ती प्रमाण मराठीत आणायला गेलं तर जाते.

मधले दोन शनिवार कापाकापीचे. चेहरा बाजूने काढायला सांगा. समोरून काढलेला चेहरा सावलीत नुसता गोळा दिसतो. नाक, हनुवटी, अंबाडा, टोपी यावरूनच माणूस ओळखू येतो. डोळ्याचं भोक पाडायला पुठ्ठा त्या जागी हलकेच दुमडून अर्धगोल कापायचा, उघडला की पूर्ण गोल. साडीचे काठ आणि दागिने यांसाठी बाहुली जुन्या रबरी चपलेवर ठेवून दाभणाने टोचा, उजेडात ते ठिपके चमकतात. लहानांसाठी हे टोचणं तुमच्या समोरच होऊ द्या. सांधा एकच ठेवा, हात किंवा जबडा: दोन्ही तुकड्यांतून दोरा ओवून दोन्ही बाजूंना गाठ. तीन-चार हीर एकत्र बांधून पाठीवर चिकटवले की दांडा तयार.

चौथीतली एक मुलगी हजेरीला "हजर" म्हणते तेही ऐकू येत नाही. तिने आजी केली. आजीच्या हातात बॅटरी, आणि बॅटरीच्या तोंडाशी तिने भोक पाडून पिवळं जिलेटीन लावलं. मी सुचवलं नव्हतं. पडद्यावर काळीभोर आजी आणि तिच्या हातात पिवळा उजेडाचा ठिपका आला तेव्हा वर्ग शांत झाला. मग त्या अंधारातून तिचा आवाज आला, खणखणीत, कुत्र्याला हाका मारणारा. पडदा असला की तोंड लपतं, आणि काही मुलांना बोलायला तेवढाच आडोसा हवा असतो. म्हणूनच मी मूकनाट्य, गटगायन यांपेक्षा याच्यावर जास्त वेळ घालवते.

जमलं तर मुलांना पिंगुळीला न्या. कुडाळला लागूनच आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्यांनी गोठ्याचं केलेलं संग्रहालय मुलांना फार जवळचं वाटतं, कारण गोठा त्यांच्या ओळखीचा असतो. पण सहल आपल्या बाहुल्या झाल्यावर काढा. आधी नेलं तर मुलं नक्कल करतात. नंतर नेलं तर प्रश्न विचारतात. हे चामडं कडक का होत नाही, दांडा कुठे बांधलाय, असे प्रश्न.

आवाजासाठी पत्र्याचा डबा, सुकी पानं आणि ताटातले तांदूळ पुरतात. ताट हळूहळू तिरकं केलं की पाऊस.

प्रयोग झाला की बाहुल्या जुन्या कॅलेंडरच्या पानांत सपाट ठेवून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, नाहीतर इथल्या पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो. आणि शेवटच्या दोन शनिवारी मिळून प्रयोग किमान दोनदा करा, मुलं अदलाबदल करून. मागे बसणाऱ्याला आपली सावली समोरून कधीच दिसत नाही. आमच्या पाचव्या शनिवारी आजीवाली मुलगी पहिल्यांदा समोर बसली, तिची आजी दुसरीच मुलगी नाचवत होती. थोडा वेळ ती बघत राहिली आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हात वायच वर धर गो, आज्येची बॅटरी दिसणा नाय!"