वाळूचा बुरूज आणि मच्छरदाणीची जाळी

सहावी-सातवीच्या मुलांना जमिनीची ताकद शिकवायची तर आधी हातात वाळू द्या, व्याख्या मागाहून. दोन सारखे प्लास्टिकचे ग्लास, जेमतेम ओलसर वाळू, जुन्या मच्छरदाणीच्या गोल चकत्या, बस्स. (वाळू चौपाटीवरून उचलू नका, बिल्डिंगच्या कामावर मागितली की पिशवीभर मिळते.) एका गटाने नुसती वाळू ठासायची, दुसऱ्याने दर दोन बोटांच्या थरावर एक चकती घालायची. ग्लास उपडे करून अलगद काढा, वर पुठ्ठा ठेवा आणि पुस्तकं एकेक रचत जा. कितव्या पुस्तकाला बुरूज ढासळेल याची पैज आधी लावा, पोरं वर्ग डोक्यावर घेतात! जाळीचा बुरूज जास्त तग धरतो, कारण दाबाने बाजूला पसरू पाहणारी वाळू जाळीशी घासून अडते. आंरी विदाल या फ्रेंच इंजिनिअरने १९६०च्या दशकात हीच युक्ती मातीच्या मोठ्या भिंतींसाठी रूढ केली; त्याने धातूच्या पट्ट्या वापरल्या.

मग अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा फोटो दाखवा. सुमारे ६० मीटर उंच, सरळसोट काळा बेसॉल्ट खडक. ‘याला जाळी का लागत नाही?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा.