कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म: लावायचा कुठे आणि वाजला की करायचं काय

आमच्याकडचा अलार्म पहिल्यांदा वाजला तेव्हा घरातल्या चौघांनी मिळून काय केलं, तर नाकं वर करून वास घेतला. काहीच येत नाहीये, बिघडला असणार, असं म्हणत मी स्टुलावर चढून तो बंद करायच्या बेतात होतो. म्हणजे जो गॅस वासाने कळत नाही म्हणून हे यंत्र आणलं, त्याची खात्री आम्ही वासानेच करून घेत होतो! बायकोने हाताला धरून खाली उतरवलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. तेव्हा नेमकं काय झालेलं ते पुढे सांगतो, आधी बाकीचं.

एक घोळ सुरुवातीलाच मिटवू. सिलेंडर किंवा पाइपमधला गॅस गळला की वाजतो तो गॅस लीकचा अलार्म, धुराने वाजतो तो स्मोक अलार्म, आणि हा तिसराच. सिलेंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग, ना चव. जळणाला हवा कमी पडली, ते अर्धवट जळलं की हा तयार होतो, मग जळण गॅस असो, पेट्रोल असो, लाकूड असो की कोळसा. बाथरूममधला गॅस गीझर, चोंदलेली चिमणी, बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेली गाडी, जनरेटर, ही नेहमीची ठिकाणं. आणि कोळशाची शेगडी. धूर संपला, निखारे छान लाल झाले, आता खोलीत घेऊ, असं वाटतं ना, तिथेच फसायला होतं. धूर गेलेला असतो पण निखाऱ्यांमधून हा गॅस निघतच असतो, आणि डोळ्यांना झोंबणारं काही उरलेलं नसल्याने कोणी खिडकीही उघडत नाही.

श्वासावाटे आत गेला की हा रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. ऑक्सिजनची जागाच अडवून बसतो म्हणा ना. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं, गळून गेल्यासारखं वाटणं, सगळं तापाच्या सुरुवातीसारखं, पण ताप नसतो. घरातल्या सगळ्यांना एकदमच होत असेल आणि बाहेर पडलं की बरं वाटत असेल तर संशय घ्यायचाच.

१. घेताना

डबा उलटा करून मागे काय छापलंय ते वाचा. यूएल २०३४ किंवा ईएन ५०२९१ यातलं एक मानक लिहिलेलं हवं. मग तारीख बघा. आतला सेन्सर रासायनिक असतो, तो वापरा न वापरा, म्हातारा होतोच, मॉडेलप्रमाणे ५ ते १० वर्षं चालतो, त्यामुळे दुकानात २ वर्षं पडून राहिलेला पीस स्वस्तात मिळाला म्हणून खूश व्हायचं कारण नाही. आकडा दाखवणारा स्क्रीन असलेला मिळाला तर तोच घ्या. रंग बदलणारी चिकटवायची कार्डं मिळतात ती माझ्या मते घेऊच नका, रात्री झोपेत कार्डाचा रंग कोण बघणार?

२. लावताना

इथे बरेच जण गॅस लीकचा नियम लावून अलार्म जमिनीजवळ बसवतात. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड म्हणून खाली साठतो, ते बरोबर. पण कार्बन मोनॉक्साइडचं वजन हवेच्या जवळपास सारखंच आहे, तो खोलीभर मिसळतो, आणि जळणाच्या गरम हवेबरोबर निघाला तर आधी वर जातो. उंचीसाठी सोबतच्या कागदावर जे लिहिलंय ते पाळा. साधारणपणे जिथे जळणारं उपकरण आहे त्या खोलीत छताच्या जवळ, उपकरणापासून १ ते ३ मीटर लांब, आणि बेडरूममध्ये झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला.

एकच घेणार असाल तर झोपायच्या खोल्यांच्या बाहेर, आवाजाने जाग येईल असा लावा. नंतर जमेल तसे प्रत्येक मजल्यावर एक. खिडकीशेजारी नको, पंख्याच्या झोतात नको, पडद्यामागे किंवा कपाटात तर नकोच. बाथरूममध्येही नको, वाफेने खराब होतो, गीझर आत असेल तर दाराबाहेर लावा. अर्थात अलार्म लावला म्हणजे बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालवायला परवानगी मिळाली असं नाही, त्याचा धूर पाइपने घराबाहेर गेलाच पाहिजे.

३. तपासताना

महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा. पण हे बटण बॅटरी, सर्किट आणि भोंगा तपासतं, सेन्सर अजून गॅस ओळखतो का हे बहुतेक मॉडेलमध्ये त्यातून कळत नाही. म्हणून तर तारखेला महत्त्व. मी मार्करने पुढच्याच बाजूला मोठ्या अक्षरात बदलायचं वर्ष लिहून ठेवलंय, दिसायला वाईट दिसतं पण रोज नजरेस पडतं. काडी पेटवून धूर दाखवून बघणे वगैरे उद्योग करू नका, हा धुराचा अलार्म नाही. पुसायचा तर कोरड्या फडक्याने, वर स्प्रे मारायचा नाही.

४. आवाज ओळखताना

हा भाग घरातल्या मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही एकदा टेस्टचं बटण दाबून ऐकवाच. लागोपाठ ४ बीप, थोडं थांबणं, परत ४ बीप, म्हणजे गॅस आहे, बाहेर पडा. (स्मोक अलार्मचे सहसा ३ असतात.) आणि अर्ध्याएक मिनिटाने एकच बारीकशी ‘चिक’ येत असेल तर बॅटरी संपत आलीय किंवा अलार्मचं आयुष्य संपलंय. नवी बॅटरी घालूनही चिक थांबत नसेल तर अलार्मच बदलायचा. ही चिक हमखास मध्यरात्रीच सुरू होते आणि मग माणूस चिडून बॅटरी काढतो, ड्रॉवरमध्ये टाकतो आणि विसरतो. आमच्याकडे असा एक ड्रॉवरमध्ये ५ महिने होता.

५. आकडा समजून घेताना

स्क्रीनवर येतो तो पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या गॅसचे किती भाग. आता मजा अशी आहे की हा अलार्म एका ठरावीक आकड्याला लगेच वाजत नाही, किती गॅस आणि किती वेळ, असा दोन्हीचा हिशोब ठेवतो, कारण रक्तातही तो तसाच हळूहळू साठत जातो. ईएन ५०२९१ प्रमाणे ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटांत, १०० ला १० ते ४० मिनिटांत, आणि ३०० ला ३ मिनिटांच्या आत वाजला पाहिजे. यूएल २०३४ चे आकडे वेगळे, ७० पीपीएमला १ ते ४ तास, १५० ला १० ते ५० मिनिटं, ४०० ला ४ ते १५ मिनिटं.

याचा अर्थ स्क्रीनवर ४० दिसतंय आणि अलार्म गप्प आहे तर तो बिघडलेला नाही, आणि सगळं ठीक आहे असंही नाही. घरात आकडा शून्यावर किंवा त्याच्या आसपास असायला हवा. रोज संध्याकाळी २०-२५ दिसत असेल तर भोंगा वाजायची वाट बघू नका, त्या वेळी काय जळत असतं ते शोधा आणि मेकॅनिकला बोलवा. घरात बाळ, गरोदर बाई किंवा हृदयाचा पेशंट असेल तर जास्तच, त्यांना कमी गॅसही बाधतो.

६. वाजला की

आधी सगळे बाहेर. जाता जाता हाताशी आलं तर उपकरण बंद करा, दारं उघडी टाका, पण त्यासाठी आत रेंगाळू नका, कारण या गॅसने डोकं जड होतं आणि दोन मिनिटांचं काम म्हणून गेलेला माणूस तिथेच बसून राहतो. तोंडाला रुमाल किंवा मास्क लावून काही उपयोग नाही. बाहेर आल्यावर माणसं मोजा, मग इमर्जन्सी नंबरला फोन. कोणी आत राहिलं असेल तर फोनवर तेच पहिलं सांगा.

कोणाला जराही त्रास होत असेल तर हॉस्पिटलमध्ये न्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला होता हे शब्द स्वतःहून सांगा. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो, कारण त्याला ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि हा गॅस चिकटलेलं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही, तो आपला ९८ दाखवतो आणि पेशंट प्रत्यक्षात गुदमरत असतो. खरं काय ते रक्ताच्या तपासणीत कळतं. साध्या हवेत रक्तातला हा गॅस निम्मा व्हायला ४ ते ६ तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तासा-दीड तासावर येतं, म्हणून घरी पडून राहून बरं वाटायची वाट बघायची नाही.

आणि खिडक्या उघडल्यावर अलार्म गप्प झाला म्हणून परत आत जाऊन गीझर सुरू करू नका, हवा बदलली म्हणून तो गप्प झालाय, दोष तिथेच आहे. मेकॅनिक येईपर्यंत घर हवेशीर झालेलं असतं आणि त्याच्या मीटरवर काहीच येत नाही, अशा वेळी अलार्ममधली पीक मेमरी कामाला येते. बऱ्याच मॉडेलमध्ये एक बटण दाबलं की मधल्या काळातला सर्वांत जास्त आकडा दिसतो. तो पुसू नका, फोटो काढून ठेवा.

आता आमचं. पीक ८७ होता. गीझर तपासला, ठीक. स्वयंपाकघर ठीक. आलेला माणूस पॅसेजमध्ये अलार्मखाली उभा राहिला आणि शेजारच्या इन्व्हर्टरकडे बघून म्हणाला, ही बॅटरी किती जुनी? हात लावला तर चांगलीच गरम. जुनी लेड-अॅसिड बॅटरी जास्त चार्ज होत राहिली की हायड्रोजन सोडते, आणि या सेन्सरला हायड्रोजन बऱ्यापैकी कार्बन मोनॉक्साइडसारखाच वाटतो. म्हणजे गॅस तो नव्हता, पण बंद पॅसेजमध्ये हायड्रोजन साठत होता तोही काही चांगला नव्हे, एक ठिणगी पुरते. बॅटरी बदलली, बाल्कनीत हलवली. अलार्म बेडरूमच्या दाराजवळ नेला. स्टूल मात्र अजून पॅसेजमध्येच आहे.