मुलांच्या मनाचं म्हणणं ग्रामसभेत कसं मांडावं

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या मराठी बोलणाऱ्या जंगलपट्ट्यातल्या एखाद्या गावात पोरगं शाळेला जायचं टाळायला लागतं, रात्री दचकून उठतं. घरचे आधी दृष्ट काढतात, मग पोटदुखीचं औषध आणतात. मनाच्या डॉक्टरांकडं न्यावं असं सुचलं तरी जायचं कुठं, आणि तिथं पोरानं बोलायचं कुठल्या भाषेत? हे मांडायची हक्काची जागा गावातच आहे. ती म्हणजे मक्कळ ग्रामसभा, मुलांची ग्रामसभा. कर्नाटकात ग्रामपंचायतींनी ती दरवर्षी घ्यायची असते, बहुतेक ठिकाणी १४ नोव्हेंबरच्या बालदिनाच्या पुढंमागं. पुष्कळदा ती गाणी, भाषणं आणि खाऊवर आटोपते. तसं होऊ द्यायचं नसेल तर महिनाभर आधी कामाला लागा.

पहिल्यांदा पीडीओंना, म्हणजे ग्रामपंचायतीच्या पंचायत विकास अधिकाऱ्यांना भेटा. तारीख विचारा आणि ‘मुलांचं मानसिक आरोग्य’ हा विषय विषयपत्रिकेत घ्यावा असा अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं राहून जातं. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, आशाताई, अंगणवाडीताई आणि हेडमास्तर यांना बोलावणं गेलंच पाहिजे, असंही त्यातच लिहा.

मग मुलांना विचारा. माझ्या मते खरं काम हेच आहे. भरल्या सभेत, सगळ्या गावासमोर, ‘मला भीती वाटते’ असं कुठलं मूल म्हणेल? आम्ही बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला चीर पाडली आणि आठवडाभर शाळेच्या व्हरांड्यात ठेवला. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही, एवढंच मुलांना सांगितलं. डबा उघडला तेव्हा एक चिठ्ठी घड्यांवर घड्या घालून सुपारीएवढी केलेली निघाली. पेन्सिल इतकी दाबून धरली होती की अक्षरं मागच्या बाजूला उमटली होती. त्यात काय होतं ते इथं लिहीत नाही, आणि तुम्हीही अशी चिठ्ठी सभेत वाचू नका. लहान शाळेत अक्षर लगेच ओळखू येतं. मुलांचा विश्वास असलेल्या एकाच बाईंनी किंवा गुरुजींनी डबा उघडावा, परीक्षेची धास्ती किती जणांना, घरातल्या दारूचा त्रास किती जणांना, एवढीच मोजदाद करावी. मारहाण, छळ किंवा जीव द्यायचा विचार दिसला तर सभेची वाट बघायची नाही. लगेच १०९८ ही मुलांची हेल्पलाइन किंवा १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लावा. दोन्ही मोफत आहेत, आणि टेलि-मानसवर भाषा निवडता येते.

आता मागणी. ‘सोय करावी’ असं मोघम लिहिलेला कागद फाईलीत पडून राहतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ कुठल्या दिवशी असतात ते शाळेच्या फळ्यावर लिहावं, मुलांशी मराठीत बोलू शकणारा समुपदेशक द्यावा, अशी नेमकी कामं मागा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ मध्ये मुलांसाठीच्या मानसिक आरोग्य सेवांचा उल्लेख आहे, त्याचा हवाला द्या. भाषेचा मुद्दा संकोच न करता लिहा. रडणारं मूल आईशी ज्या भाषेत बोलतं, त्याच भाषेत ते डॉक्टरांशी मोकळं होतं.

अर्ज मराठीत चालतो का, हा आपल्याकडं नेहमीचा प्रश्न. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. तरी मी सोबत कन्नड प्रत जोडा असंच सांगेन. पोराच्या उपचाराचा कागद भाषेवरून एक दिवसही अडायला नको.

सभेत ठराव झाला की तो प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या कामकाजाच्या वहीत उतरला का, ते तिथंच बघा. शिक्क्याची नक्कल मागा, ती तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं पाठवा, पोच जपून ठेवा. काहीच हललं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि पुढच्या वर्षीच्या सभेत पहिला प्रश्न एखाद्या मुलीलाच उठून विचारू द्या: मागच्या ठरावाचं काय झालं?