द्राक्षाचा पॅलेट रचताना तळाच्या पेटीचा विचार आधी करा

जानेवारी सरत आला की निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत भागात युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची खुडणी वेग घेते. मण्याची साईज मिळाली, ब्रिक्स म्हणजे गोडी बसली, औषधांच्या अंशांचा रेसिड्यू रिपोर्ट क्लिअर आला. वर्षभर जीव लावून इथवर आणलेला माल शेवटच्या दोन तासांत, पॅलेट म्हणजे लाकडी फळ्यांच्या पाटावर पेट्यांची थप्पी रचताना बिघडू शकतो. एका हंगामात आमच्या मालावर क्लेम, म्हणजे खराब मालाच्या भरपाईची मागणी आली, तेव्हा सोबत फोटो होते. तळाचे दोन थर बसलेले, पनेटची (पेटीतल्या छोट्या प्लॅस्टिक डब्यांची) झाकणं दबलेली, मण्यांचा रस पुठ्ठ्यात उतरलेला. त्याच बागेतला, त्याच दिवशी खुडलेला वरच्या थरांतला माल मात्र देठासकट हिरवागार होता. तेव्हापासून मी पॅलेट रचताना स्वतः उभा राहतो. तुम्हीही राहा, कारण क्लेम फिरत फिरत शेवटी बागायतदाराच्याच हिशोबात येतो.

आधी वजन समजून घ्या. पाच किलो द्राक्षांची पेटी 50 बाय 30 सें.मी.ची असेल तर 1.2 बाय 1 मीटरच्या पॅलेटवर एका थरात आठ पेट्या बसतात. पंधरा थर केले की 120 पेट्या, म्हणजे नुसती द्राक्षंच 600 किलो. पेटी, पनेट, पॅड धरून एक पेटी साडेपाच किलोची झाली, तर तळाच्या प्रत्येक पेटीच्या डोक्यावर 77 किलो येतात. चांगला धडधाकट माणूस त्या पेटीवर उभा आहे असं समजा, आणि तोही जहाज पोचेपर्यंत. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बरीच जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा हा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. पुठ्ठा सततच्या ओझ्याखाली दिवसागणिक थकतो. म्हणून बुकिंगच्या वेळीच जहाजाचा मार्ग विचारा आणि प्रवास लांबचा असेल तर एखादा थर कमी करा.

आता पेटीकडे या. रिकाम्या पेटीच्या लांब बाजूवर मधोमध अंगठा दाबा, ती लगेच आत वाकते. कोपऱ्यावर दाबा, हलत नाही. पेटीची खरी ताकद चार कोपऱ्यांत आहे, म्हणून कोपऱ्यावर कोपरा आलाच पाहिजे. विटांसारखे सांधे मोडून रचलं की थप्पी घट्ट बसते, असं गवंडीकाम पाहिलेल्या माणसाला वाटतं. पुठ्ठ्याच्या बाबतीत ते उलटं पडतं. सांधेमोड केली की वरच्या पेटीचा कोपरा खालच्या पेटीच्या लेच्यापेच्या मधल्या भागावर येतो आणि थप्पीची ताकद जवळपास निम्म्यावर येते. काठावरचे कान वरच्या पेटीच्या खाचेत बसले का, हे प्रत्येक थराला हात फिरवून बघा. पेटी पॅलेटच्या फळीबाहेर दोन बोटंही डोकावू देऊ नका. बाहेर राहिलेल्या कोपऱ्याखाली आधारच नसतो.

सरळ रचण्याचं दुसरं कारण हवेचं. रीफर म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये हवा तळाच्या पन्हाळींतून येते आणि पेट्यांच्या भोकांतून वर चढते. भोकावर भोक आलं नाही, किंवा पॅलेटवर कुणी प्लॅस्टिक अंथरलं, तर मधला माल गरम राहतो. वर कंटेनरच्या भिंतीवरच्या लाल रेघेच्या पुढे थर नेऊ नका, नाहीतर हवेला परतायला वाट उरत नाही.

ओलाव्याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. कोल्ड रूममध्ये 90 ते 95 टक्के आर्द्रता द्राक्षाला हवीच असते, पण पुठ्ठा ती शोषतो आणि कोरडा असताना पेलत होता त्याच्या निम्मंच वजन पेलतो. पेटी घेताना कारखानदाराला ओलाव्यातली ताकद विचारा. मार्चमध्ये दुपारी थंड पॅलेट उघड्यावर आणला तर दहा मिनिटांत पेट्यांना घाम फुटतो. कोल्ड रूममधून थेट कंटेनरमध्ये भरायचा डॉक नसेल तर भरणी पहाटे उरका, आणि कंटेनरचं दार लागेपर्यंत पॅलेट कोल्ड रूमबाहेर ताटकळू देऊ नका.

लाकडी पॅलेटवर एचटीचा शिक्का हवा, म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं असतं. शिक्का असूनही फळी तडकलेली, ओली किंवा खिळा वर आलेली दिसली तर तो पॅलेट बाजूला काढा.

चारही कोपऱ्यांना तळापासून वरपर्यंत कॉर्नर, म्हणजे कोनाच्या आकाराचा आधार लावा आणि थप्पी आवळायची पट्टी कॉर्नरवरूनच ओढा. उघड्या पुठ्ठ्यावर ओढलेली पट्टी पेटी कापते. दर तीन थरांना एक पट्टी मला पुरेशी वाटते. कसारा घाटाच्या वळणांवर वरचे थर बाजूला ओढले जातात, म्हणून वरची पट्टी ढिली ठेवू नका. वरचे थर लावताना कामगार खालच्या पेट्यांवर पाय देऊन चढतात, त्यांना भक्कम स्टूल द्या. यात मालही वाचतो आणि माणूसही. ट्रॉलीचे दात पॅलेटखाली पूर्ण आत गेल्याशिवाय उचलू नका. उतारावर भरलेल्या पॅलेटच्या खालच्या बाजूला कुणीही थांबायचं नाही, घाई कितीही असो.

40 फुटी कंटेनरमध्ये असे वीस पॅलेट जातात. शेवटच्या दोन पॅलेटपुढे दाराशी जागा उरते. तिथल्या उघड्या पन्हाळींवर जाड पुठ्ठा टाका, नाहीतर थंड हवा तिथूनच निसटते. त्या पॅलेटना आडवं लाकूड किंवा हवेची पिशवी लावून टेका द्या, आणि दार लावण्याआधी पॅलेट नंबर दिसेल असा फोटो काढून ठेवा. क्लेमच्या वेळी तो फोटोच तुमच्या बाजूने बोलतो.